पुठ्ठ्याचं यान खपतं, पण दाराचा आवाज चुकला तर खपत नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. स्टार ट्रेक या अमेरिकी अंतराळ-मालिकेच्या विश्वात घडणारी बारा मिनिटांची फॅन फिल्म, म्हणजे चाहत्यांनी हौसेने केलेली फिल्म, तुम्ही जवळपास पूर्ण शूट केली आहे. कच्चा कट मित्रांना दाखवला तर ते म्हणाले, 'स्वस्त दिसतेय.' दुसरीकडे, उघड उघड पुठ्ठ्याचे सेट आणि हौशी नट असलेल्या फॅन फिल्म कट्टर चाहते वर्षानुवर्षं आवडीने बघताना तुम्हाला दिसतात. मग त्यांना त्यात नेमकं काय भावतं? उरलेले पैसे यानाच्या शॉटवर लावावेत का? आणि शेवटी घाईघाईत जोडलेली एक ओळ: कायद्याचं काही लफडं होईल का?

मी संकलन आणि ध्वनीचं काम करते. पोटापाण्याची कामं वेगळी, पण विज्ञानकथांच्या फॅन फिल्म हा जुना नाद आहे. काही स्वतः केल्या, बऱ्याच इतरांच्या निस्तरून दिल्या, आणि चाहत्यांच्या गर्दीत मागे बसून लोक कुठे हसतात, कुठे एकदम गप्प होतात हे बघायची सवय लागली. तुमची फिल्म मी पाहिलेली नाही. म्हणून काही ठिकाणी 'हे तुमच्या कथेवर अवलंबून आहे' एवढंच म्हणता येईल.

मित्रांची तक्रार आणि चाहत्यांची आवड, दोन्हींवर एकच औषध असेल असं तुम्ही धरून चाललाय. तिथेच गोची आहे. तुमचे मित्र फिल्म बघताना मनातल्या मनात ती थिएटरातल्या चित्रपटाशेजारी ठेवतात. त्या स्पर्धेत तुम्ही कितीही पैसे ओतले तरी मागेच राहणार. कट्टर चाहता ती ठेवतो स्वतःच्या डोक्यातल्या, वर्षानुवर्षं जपलेल्या विश्वाशेजारी. पहिल्या मिनिटात त्याला एवढंच चाचपायचं असतं की ही माणसं आपल्यातली आहेत का. खात्री पटली की पुठ्ठा माफ. मग तो पुढचं शोधू लागतो: या विश्वाचे मालक मला जे देत नाहीत आणि बहुधा कधी देणारही नाहीत, ते इथे मिळतंय का? पैसे कुठे लावायचे हे ठरवण्याआधी तुमच्या फिल्ममध्ये असं काय आहे ते एका वाक्यात लिहून काढा. ते वाक्य सापडत नसेल तर यानाचा शॉट कितीही देखणा झाला तरी उपयोग नाही.

उदाहरण तुमच्याच विश्वातलं घेते. मूळ मालिका 1966 ते 1969 अशी तीन सीझन चालली. त्यातला तिसरा सीझनसुद्धा चाहत्यांच्या पत्रमोहिमेच्या रेट्यामुळे पदरात पडला. पण यानाची मोहीम पाच वर्षांची, हे तर दर भागाच्या सुरुवातीलाच ऐकवलं जायचं. मग उरलेल्या दोन वर्षांत काय झालं? ही पोकळी चाहत्यांच्या मनात कित्येक दशकं तशीच राहिली. जेम्स कॉली आणि इतर चाहते मंडळींनी 'न्यू व्हॉयेजेस' ही स्वतःची मालिका सुरू केली ती चौथं वर्ष दाखवायला. पुढे 'स्टार ट्रेक कंटिन्यूज'ने 2013 ते 2017 या काळात 11 भाग करून ती मोहीम शेवटापर्यंत नेली. यातल्या कुणीही मालिका 'आजची' करायच्या भानगडीत पडलं नाही. भिंतींवर सोडलेले जांभळे-हिरवे दिवे, प्रसंग संपताना वाजणारं ते नाट्यमय संगीत, सगळं साठच्या दशकासारखं. कोणताही स्टुडिओ आज हे करणार नाही, कारण त्याला नवा प्रेक्षक ओढायचा असतो. तुम्हाला नसतो. फॅन फिल्मचं खरं भांडवल हे आहे: तुम्हाला कुणालाही काहीही समजावून सांगायचं नाही. मोठ्या चित्रपटाची सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं कोण कुठला, हे यंत्र काय करतं, हे लोक का भांडतात, यात खर्ची पडतात. तुमचा प्रेक्षक हे सगळं पाठ करून बसलाय. थेट भांडणाच्या मध्यापासून सुरुवात करा. कच्च्या कटमध्ये पहिली दोन मिनिटं माहिती देण्यात जात असतील, आणि हौशी पटकथांमध्ये ती हमखास जातात, तर ती कापून बघा. बऱ्याचदा 'स्वस्त' वाटण्याचं निम्मं कारण तिथेच निघतं. हौशी नटाला माहिती सांगायला लावली की तो पाठांतर म्हणतो. त्याच नटाला भांडायला लावा, तो माणसासारखा बोलतो.

पोकळी भरायची म्हणजे कथानकातला खड्डाच बुजवायचा असं नाही. 'हिडन फ्रंटियर' ही चाहत्यांनी केलेली मालिका 2000 ते 2007 अशी चालली, 50 भागांची. कलाकार हिरव्या पडद्यापुढे, मागे संगणकावरचे सेट, आणि त्यांच्या कडांना हिरवट झालर दिसते ती दिसतेच. पण तिथे समलिंगी पात्रं होती, त्यांच्या नात्याची गोष्ट भागामागून भाग पुढे जात होती. अधिकृत मालिकेत मुख्य पात्रांमध्ये असं जोडपं यायला 2017 उजाडलं. ज्यांना स्वतःला त्या यानावर कधी पाहताच आलं नव्हतं, त्यांनी हिरव्या झालरीकडे काणाडोळा केला यात नवल काय?

मर्यादेतूनच कथा काढण्याचा सगळ्यात सुरेख नमुना मला वाटतो तो न्यू व्हॉयेजेसचा 2007 सालचा 'वर्ल्ड इनफ अँड टाइम' हा भाग. मूळ मालिकेतले नट जॉर्ज टाकेई यानचालक सुलूची भूमिका पुन्हा करायला तयार झाले, पण मधे चार दशकं उलटली होती. मेकअपने तरुण करायला जावं तर हसं व्हायचं. लेखकांनी काय केलं? एका अपघातात सुलू दुसऱ्याच मितीत अडकतो. यानावर थोडाच वेळ जातो, त्याची मात्र तीस वर्षं उलटतात, आणि तो म्हातारा होऊन परततो. नटाचं वय लपवायची गरजच उरली नाही, तेच कथेचं मर्म झालं. विज्ञानकथांसाठीच्या ह्यूगो पुरस्काराच्या 2008 च्या नामांकनात हा भाग धंदेवाईक मालिकांच्या शेजारी बसला होता. तुमच्याकडे जी गोष्ट कमी आहे, समजा दोनच नट, एकच खोली, बाहेरचं काही दाखवायची सोय नाही, ती कथेतल्या माणसांचीही अडचण करता येते का, हे एकदा तपासा. दळणवळण बंद पडलंय, वीज वाचवायची आहे, खिडक्यांचे पडदे पाडले आहेत: एवढ्याने अर्धा खर्च वाचतो आणि ताण वाढतो.

आता पुठ्ठ्याबद्दल. इथे मी जपानकडे वळते, कारण हा मुद्दा त्या मंडळींइतका स्वच्छ कुणी मांडलेला नाही. ओसाकातल्या विज्ञानकथाप्रेमी विद्यार्थ्यांच्या एका टोळक्याने 1981 आणि 1983 मध्ये तिथल्या विज्ञानकथा संमेलनांच्या उद्घाटनासाठी छोटे ॲनिमेशनपट केले. त्याच टोळक्याने 1983 मध्ये 'अल्ट्रामॅन' या जपानी टीव्ही मालिकेवर फॅन फिल्म केली. त्यात महाकाय नायक अल्ट्रामॅन झाला स्वतः दिग्दर्शक हिदेआकी आन्नो, आणि तोही मुखवट्याशिवाय. म्हणजे चष्मा घातलेला एक किडकिडीत तरुण साध्याशा जॅकेटमध्ये इमारतींच्या वर उभा राहून राक्षसाशी झुंजतोय. वर्णन ऐकून वाटेल की हा वात्रटपणा आहे. बघायला बसलं की काही वेळात हसू विरतं. कारण बाकी सगळं कमालीचं काटेकोर आहे: कॅमेरा जमिनीलगत, कागदी इमारती नेमक्या जागी, विमानांची उड्डाणं, आदेश देतानाचे तुटक कट, आणि एकही पात्र कॅमेऱ्याकडे बघून 'आम्ही गंमत करतोय' असं सुचवत नाही. त्या जातीच्या चित्रपटांची भाषा त्यांनी कोळून प्यायली होती. त्यामुळे नायकाचा चेहरा उघडा असूनही तो अल्ट्रामॅनच वाटतो. या मंडळींनी पुढे गायनॅक्स हा स्टुडिओ काढला, आणि 2022 साली आलेल्या अधिकृत 'शिन अल्ट्रामॅन'चे लेखक होते हेच आन्नो.

चाहत्याला पुठ्ठ्याचं वावडं नसतं, त्याला वावडं असतं ते लाजेचं. स्वतःच्या पुठ्ठ्याची लाज वाटणारा दिग्दर्शक तो लपवायला अंधार करतो, कॅमेरा हलवत ठेवतो, मधेच एखादा विनोद टाकून आपण त्या गावचेच नाही असं दाखवतो. हे चाहत्याला तत्काळ कळतं, आणि त्याला तो विश्वासघात वाटतो. एक तर पूर्ण गंभीर राहा, नाहीतर पूर्ण विडंबन करा. विडंबनाची परंपरा काही कमी थोर नाही. 'हार्डवेअर वॉर्स' 1978 सालची, मूळ 'स्टार वॉर्स' चित्रपटाच्या पुढच्याच वर्षी आलेली; तिच्यात अंतराळयानं म्हणून चक्क इस्त्री आणि टोस्टर उडतात. 1997 ची 'ट्रूप्स' तर त्याच चित्रपटातल्या साम्राज्याच्या शिपायांना गस्तीवरच्या पोलिसांच्या रिॲलिटी शोमध्ये नेऊन बसवते, आणि शिपायांचं कंटाळवाणं जग इतक्या तपशिलात दाखवते की मूळ चित्रपट पुन्हा बघताना त्यांचीच आठवण येते. फसतं ते अधलंमधलं.

आणखी एक आकर्षण आहे, ज्याबद्दल फारसं बोललं जात नाही: हात दिसणं. मोठ्या चित्रपटात शेकडो लोकांचं काम एकजीव होऊन जातं, कुणाचा हात कुठे फिरला ते कळत नाही. फॅन फिल्ममध्ये ते दिसतं, आणि कट्टर प्रेक्षकाला तेच बघायचं असतं, कारण तोही घरी काहीतरी शिवत, जोडत, रंगवत असतो. 'अरे, हे कंट्रोल पॅनेल कशाचं केलंय?' हा त्याच्यासाठी आनंदाचा भाग आहे. 2010 मध्ये पूर्ण झालेली 'स्टार वॉर्स अनकट' बघा. मूळ चित्रपटाचे पंधरा-पंधरा सेकंदांचे 473 तुकडे पाडले, आणि प्रत्येक तुकडा जगभरातल्या वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या परीने पुन्हा केला: कुणी बाहुल्यांनी, कुणी ॲनिमेशनने, कुणी घरातल्या लहान मुलांना घेऊन. सलग बघताना दर पंधरा सेकंदांनी चेहरे, शैली, सगळं बदलतं, तरी गोष्ट एका क्षणासाठीही हरवत नाही, कारण ती बघणाऱ्याच्या डोक्यात आधीच पूर्ण आहे. त्या प्रकल्पाला एमी पुरस्कार मिळाला. थोडक्यात, फॅन फिल्मचा निम्मा पट प्रेक्षक स्वतःच्या आठवणीतून पुरवत असतो. तुमचं काम त्याची आठवण अचूक जागी करण्याचं.

ती जागी करण्याचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित साधन म्हणजे आवाज. माझा धंदाच तो, म्हणून पक्षपात धरा हवा तर. पण एका प्रदर्शनात मी पाहिलंय: स्फोटाच्या खर्चिक शॉटला प्रेक्षकांत हूं की चूं नाही, आणि दार सरकण्याचा आवाज तंतोतंत जुना निघाला तेव्हा अख्ख्या रांगेतून खुशीचा हुंकार. कट्टर चाहत्याचा कान किती पक्का असतो, याचा पुरावाही आहे. बीबीसीने 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेच्या जुन्या भागांच्या टेप पुसून टाकल्या, कित्येक भागांचं चित्र कायमचं गेलं. पण हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज शिल्लक आहे, कारण त्या काळी चाहत्यांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो टिपला होता. हा तुमचा प्रेक्षक. त्याला ब्रिजची, म्हणजे यानाच्या नियंत्रणकक्षाची, गुणगुण आणि इंजिनरूमची घरघर यातला फरक झोपेतही कळतो.

म्हणून उरलेल्या पैशांतला मोठा वाटा आधी आवाजावर लावा. प्लायवुडच्या फरशीवर बूट ठकठक वाजत असतील, खोलीत घुमारा असेल, तर डोळ्यांनी कितीही सांगितलं तरी कान म्हणतो की हे यान नाही, ही कुणाची तरी रिकामी खोली आहे. 'स्वस्त दिसतेय' म्हणणारे बहुतेक जण खरं तर 'स्वस्त ऐकू येतेय' असं म्हणत असतात, त्यांना ते वेगळं सांगता येत नाही इतकंच. ज्या संवादांत घुमारा आहे ते पुन्हा डब करा, पावलांचे आवाज नव्याने रेकॉर्ड करा, आणि प्रत्येक जागेला तिची स्वतःची अखंड गुणगुण द्या. त्यासाठी यंत्रसामग्री लागते असं मुळीच नाही. 1977 च्या स्टार वॉर्ससाठी बेन बर्ट यांनी प्रकाशतलवारीचा आवाज केला तो प्रोजेक्टरच्या मोटरची गुणगुण आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबजवळ माइक नेल्यावर येणारी खरखर मिसळून. बंदुकीचा आवाज निघाला मनोऱ्याला ताण देणाऱ्या तारेवर हातोडी मारून. फक्त एक करा, अधिकृत मालिकेच्या ध्वनीफिती आणि संगीत उचलून वापरू नका. त्यांच्यासारखे आवाज स्वतः घडवा, आणि संगीत नवं करून घ्या. कायद्याच्या दृष्टीनेही ते बरं.

यानाचा शॉट हवाच असेल तर कमी आणि नेटके ठेवा. तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे: मूळ मालिकेनेही कक्षेतल्या यानाचे तेच ते शॉट पुन्हा पुन्हा वापरले, त्यामुळे या विश्वाच्या चाहत्याला दोन-तीन शॉटांची सवयच आहे. ते यानही अकरा फूट लांबीचं लाकूड-प्लास्टिकचं मॉडेल होतं, आज ते स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. संगणकावर करणार असाल तर ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. 2002 मध्ये वापरकर्त्यांनीच वर्गणी काढून, एक लाख युरो जमवून ते सगळ्यांसाठी खुलं करून घेतलं, आणि आजही ते फुकट मिळतं. शॉट खोटा वाटण्याची कारणं मात्र सॉफ्टवेअरमध्ये नसतात. यान फार वेगाने वळतं, हे पहिलं. शेकडो मीटर लांबीची वस्तू फ्रेम ओलांडायला वेळ घेते. ती डासासारखी वळली की खेळणं होते. दुसरं, यान अति धारदार आणि काळा रंग अति काळा असतो, तर शेजारचा कॅमेऱ्याने घेतलेला शॉट दाणेदार आणि करडट. यानाच्या शॉटला तसाच दाणा द्या, काळा थोडा फिका करा, दोन्हींचे रंग एकत्रच जुळवा. खरं छोटं मॉडेल शूट करायचं असेल आणि त्यात धूर, पाणी, स्फोट किंवा काही कोसळणं असेल, तर जुना नियम आहे: मॉडेल जितक्या पटीने लहान, त्याच्या वर्गमुळाइतक्या पटीने कॅमेऱ्याचा वेग वाढवायचा. पंचवीस पट लहान मॉडेल असेल तर पाच पट, म्हणजे सेकंदाला 24 ऐवजी 120 फ्रेम. तेवढ्याने कोसळण्याला वजन येतं.

सेटबद्दल एकच इशारा. सगळीकडे सल्ला मिळतो की प्रॉप नवेकोरे दिसू देऊ नका, मळवा, ओरखडे काढा. स्टार वॉर्ससाठी तो सल्ला सोन्यासारखा. तुमच्या विश्वात मात्र यानाचे कॉरिडॉर झगझगीत स्वच्छ असतात. तिथे कुणी तेलाचे डाग काढले की चाहता म्हणणार, यांना काही कळत नाही.

नटांविषयी: मूळ मालिकेतल्या कर्क किंवा स्पॉक या मुख्य पात्रांपैकी कुणी तुमच्या फिल्ममध्ये आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर नटाला नक्कल करू देऊ नका. नक्कल दोन मिनिटं रंजक असते, मग बघवत नाही. नसतील तर उत्तमच. वेगळं यान, अनोळखी कर्मचारी, ओळखीचे नियम, हे हौशी नटांना सगळ्यात मानवतं.

आता कायदा. मी वकील नाही, आणि देशादेशांत नियम बदलतात. पण तुमच्या विश्वापुरतं चित्र बरंच स्पष्ट आहे, आणि त्याला एक इतिहास आहे. 2014 मध्ये 'प्रिल्यूड टू ॲक्सनार' नावाची एकवीस मिनिटांची फॅन फिल्म आली. कल्पना हुशार होती: युद्धावरचा माहितीपट असल्यासारखे सेनानी खुर्चीत बसून आठवणी सांगतात आणि मधूनमधून लढाईचे शॉट. चाहत्यांनी डोक्यावर घेतली. मग पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी लोकवर्गणीतून दहा लाख डॉलरच्या वर पैसे जमले, स्टुडिओ भाड्याने घेतला गेला, आणि 29 डिसेंबर 2015 रोजी स्टार ट्रेकचे मालक पॅरामाउंट आणि सीबीएस यांनी दावा ठोकला. जानेवारी 2017 मध्ये न्यायाधीशांनी स्पष्ट केलं की 'न्याय्य वापर', म्हणजे परवानगीशिवाय मर्यादित वापराची कायदेशीर मुभा, हा बचाव इथे चालणार नाही, आणि त्याच महिन्यात तडजोड झाली. दरम्यान जून 2016 मध्ये दोन्ही कंपन्यांनी फॅन फिल्मसाठी मार्गदर्शक नियम जाहीर केले.

तुमच्या कामाचे मुद्दे असे. एक कथा जास्तीत जास्त पंधरा मिनिटांची, फार तर दोन भागांत मिळून तीस. पुढे मालिका करायची नाही. तुमची बारा मिनिटं यात बसतात, म्हणून लांबवायचा मोह टाळा. शीर्षकात 'स्टार ट्रेक' हे शब्द नकोत, उपशीर्षकात मात्र ही चाहत्यांची निर्मिती असल्याचं ठरलेल्या शब्दांत सांगायचं. वर्गणी काढली तर ती पन्नास हजार डॉलरच्या आत. कुणालाही मानधन नाही, आणि मूळ मालिकांत किंवा चित्रपटांत काम केलेली माणसं घ्यायची नाहीत. म्हणजे वर सांगितलेला टाकेई यांचा भाग या नियमांत आज करता आलाच नसता, हे मला व्यक्तिशः खटकतं. गणवेश बाजारातून विकत घेतले असतील तर ते अधिकृत हवेत, बनावट नकोत. मूळ भागांतल्या क्लिप वापरायच्या नाहीत. फिल्म फुकट दाखवायची, तिच्यातून उत्पन्न घ्यायचं नाही. हे नियम म्हणजे कायदा नव्हे. एवढं पाळलंत तर आम्ही हरकत घेणार नाही, असं मालकांनी दिलेलं आश्वासन आहे. प्रदर्शनाआधी मूळ मजकूर स्वतः शब्द न् शब्द वाचा.

दुसऱ्या विश्वात गेलात तर हिशेब पूर्ण बदलतो. स्टार वॉर्सच्या लुकासफिल्म कंपनीने 2002 पासून फॅन फिल्मची अधिकृत स्पर्धा घेतली, पण सुरुवातीची काही वर्षं तिथे फक्त विडंबन आणि माहितीपट चालत. त्या विश्वातल्या गंभीर नव्या कथांना दार उघडलं ते 2007 मध्ये. वॉरहॅमर या टेबलावर खेळायच्या युद्धखेळाच्या विश्वावर एकट्याने केलेली 'आस्टार्टीज' ही ॲनिमेशन मालिका इतकी गाजली की मूळ कंपनीने तिच्या निर्मात्याला कामावर घेतलं, आणि त्याच 2021 सालात त्याच कंपनीने चाहत्यांच्या ॲनिमेशनबद्दल नियम इतके कडक केले की काही लोकप्रिय मालिका बंद पडल्या. यातून कुणाला नोकरी मिळेल म्हणून फॅन फिल्म करावी, असं मी सांगणार नाही. मिळते कधीकधी, पण ते गणित हाताबाहेरचं आहे.

तुम्ही लिहिलंय की एक दिवस पुन्हा शूट करता येईल. तो यानासाठी खर्चू नका. चेहऱ्यांचे क्लोज-अप घ्या, विशेषतः ऐकणाऱ्या माणसाचे. हौशी फिल्ममध्ये बोलणाऱ्यावरच कॅमेरा खिळलेला असतो, आणि संकलनात वाईट वाक्य झाकायला काही हाताशी राहत नाही. सोबत हातांचे, बटणांचे, पॅनेलच्या दिव्यांचे शॉट घ्या. आणि कोणतंही संकटाचं दृश्य असेल तर पॅनेलचा लाल प्रकाश नटाच्या चेहऱ्यावर खरोखर पडू द्या. तो नंतर संगणकावर घालणं महागही पडतं आणि खोटंही दिसतं.

मग नवा कट मित्रांना दाखवू नका. मालिका पाठ असलेली तीन-चार माणसं शोधा, एकत्र बसवा, आणि मत विचारू नका, कारण मत विचारलं की माणसं सभ्य होतात. तुम्ही पडद्याकडे पाठ करून त्यांचे चेहरे बघा. जिथे कुणी मोबाईल काढेल तिथे कात्री लावा. फिल्म संपल्यावर 'त्या कॅप्टनने नियम मोडला की नाही' यावरून त्यांच्यात जुंपली, तर ज्या प्रसंगावरून जुंपली त्याला हात लावू नका, मग त्यातली भिंत कितीही हलताना दिसो.